डेव्हिड ससून यांचा पुतळा आणि आपण

आपल्यापैकी जे कोणी मुंबईला जातात त्यांचा एक ठरलेला रस्ता असतो. सॅम्युएल स्ट्रीटवरील शारे रहामीम सिनेगॉग, भायखळ्याचे मागेन दाविद, जमल्यास अलिबागजवळचे नवगाव, आणि मग एखादी दुपार फोर्टमध्ये. फोर्टात केनेसेथ एलियाहूत दोन मिनिटे बसून बाहेर पडले की काळा घोडा हा भाग लागतो. तेथे महात्मा गांधी रस्त्यावर पिवळसर दगडाची डेव्हिड ससून लायब्ररी उभी आहे. आत शिरताच त्या गृहस्थांचा संगमरवरी पूर्णाकृती पुतळा दिसतो. अंगात बगदादी पद्धतीचा पायघोळ झगा, डोक्याला पागोटे, लांब दाढी. थॉमस वूलनर या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला आहे.

या पुतळ्यापुढे एका यहुदी माणसाने, आणि त्यातही एका बेने इस्राएलाने, मनात काय आणून उभे राहावे? प्रश्न सोपा दिसतो, पण तसा नाही. या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत. कारण हा प्रश्न मुंबईतल्या एका पुतळ्यापुरता राहत नाही. आपल्या इथल्या लहानसहान संस्थांच्या दारापर्यंत तो येऊन पोहोचतो.

प्रथम त्यांचे देणे पाहू. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादला झाला. तेथील जाचामुळे घरदार सोडून ते इराणच्या किनाऱ्यावरील बुशहरला गेले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. पुढील तीस वर्षांत त्यांनी अफाट संपत्ती मिळवली आणि त्यातून हात न आखडता दिले. भायखळ्याचे मागेन दाविद १८६१ साली बांधून झाले. पुण्याचे ओहेल दाविद, म्हणजे पुणेकरांचे ‘लाल देऊळ’, त्यांच्याच पैशाने उभे राहिले आणि तेथेच त्यांची कबर आहे. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. काळा घोड्याच्या लायब्ररीचे मूळ म्हणजे सरकारी टांकसाळीतील व गोदीतील तरुण कारागिरांनी १८४७ साली काढलेली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. तिच्या इमारतीसाठी ससून यांनी ६०,००० रुपये दिले. इमारत १८७० साली पुरी झाली. ती पाहायला ते हयात नव्हते; १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये ते पुण्यास वारले होते.

ही काही मोठेपणाच्या यादीतली कोरडी नावे नव्हेत. पुण्यात आजही कोणाला अपघात झाला तर ‘ससूनला नेला’ असेच म्हणतात. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना शस्त्रक्रियेसाठी नेले, ते याच ससूनमध्ये. लायब्ररीच्या वरच्या गॅलरीतील आरामखुर्च्यांवर किती विद्यार्थ्यांनी परीक्षेचा अभ्यास केला असेल याची गणती नाही. जागा अपुरी असणाऱ्या चाळीतल्या मुलाला शांत टेबल आणि वर पंखा मिळणे म्हणजे काय, हे ज्यांनी मुंबईत शिक्षण घेतले त्यांना आम्ही सांगायला नको.

आता दुसरी बाजू. तिच्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही सारख्या नाहीत.

पहिली गोष्ट आपल्या घरची. बगदादी मंडळी मुंबईत आली तेव्हा सुरुवातीला ती आपल्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेस बसत, आणि त्यांचे मृत आपल्याच कब्रस्तानात पुरले जात. पण १८३६ साली बगदाद्यांकडून सरकारकडे अर्ज गेला की कब्रस्तानात मध्ये भिंत घालून त्यांचा भाग वेगळा करून द्यावा. ससून यांना मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. पुढे सिनेगॉगही वेगळे झाले आणि कब्रस्तानेही वेगळी झाली. आपले लोक पुरेसे यहुदी आहेत की नाहीत, ही शंका पुढे शंभर-सव्वाशे वर्षे आपल्या मागे लागली. इस्राएलमध्ये आल्यावरही लग्नाच्या बाबतीत ती उभी राहिली, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या आधीच्या पिढीला जेरुसलेममध्ये धरणे धरून बसावे लागले, तेव्हा कुठे ती मिटली.

दुसरी गोष्ट अफूची. ससून यांच्या पेढीचा व्यापार अनेक जिनसांचा होता. कापूस होता, कापड होते. पण मोठा नफा अफूचा होता. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरात येई आणि तेथून चीनला जाई. १८४४ साली डेव्हिड ससून यांनी आपला मुलगा एलियास याला चीनमध्ये पाठवून तेथे पेढीचा जम बसवला. पुढच्या पिढीत तर अफूच्या व्यापारात ससूनांची पेढी सर्वांच्या पुढे गेली. ते एकटे नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनी स्वतः अफूचे लिलाव करी. मुंबईत पारशी, गुजराती, मारवाडी असे कितीतरी व्यापारी याच धंद्यात होते. सर जमशेटजी जीजीभाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्यांचे रुग्णालयही ठाऊक आहे. जुन्या मुंबईच्या पुष्कळ सुंदर इमारतींच्या पायात अफूचा पैसा आहे.

मागे आम्ही नातवाला घेऊन या लायब्ररीत गेलो होतो. त्याचा जन्म इथला, मराठी समजते पण बोलताना हिब्रूचा आधार लागतो. पुतळ्याकडे पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, “सबा, हा आपला का?” आम्ही त्याला सारी हकीकत सांगितली, भिंतीची आणि अफूचीही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग याला इथे का ठेवला आहे?” मुलांचे प्रश्न असे आडपडदा न ठेवता येतात. चाळीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर एवढे तरी कळते की अशा प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर मुलाला पटत नाही, आणि पटले तरी पुरत नाही.

घाईची उत्तरे दोन आहेत. पहिले म्हणजे, ‘काळच तसा होता, त्या वेळी यात कोणाला वावगे वाटत नव्हते.’ हे खरे नाही. १८३९ साली चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन त्सेश्यू याने परदेशी व्यापाऱ्यांकडून सुमारे २०,००० पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. हा व्यापार थांबवा, अशी विनंती करणारे पत्र त्याने व्हिक्टोरिया राणीला लिहिले. त्यावरून लढाई पेटली. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येही या लढाईविरुद्ध भाषणे झाली. आणि दूर कशाला जायचे? आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले, आणि अफू व दारूच्या धंद्याचा नफा आपल्याला नको म्हणून काही वर्षांत त्या भागीदारीतून बाहेर पडले. त्यांनी पुढे कापसाचा स्वतंत्र व्यापार केला. म्हणजे त्याच काळी, त्याच शहरातल्या, व्यापारीच असलेल्या एका माणसाला हे दिसत होते. दादाभाईंचा पुतळाही फ्लोरा फाउंटनजवळ आहे. ससून यांच्या पुतळ्यापासून तो पायी फार तर दहा मिनिटांवर. ज्याला ‘काळ तसा होता’ असे म्हणायचे असेल त्याने ही दहा मिनिटे चालून पाहावी.

दुसरे घाईचे उत्तर म्हणजे, ‘दान केले, पाप धुतले गेले.’ हे उत्तर आपल्या लोकांच्या तोंडी फार लवकर येते, कारण सेदाका हा आपल्या धर्माचा प्राण आहे. पण आपल्या शास्त्रकारांनी या बाबतीत भोळेपणा केलेला नाही. मिश्नामध्ये स्पष्ट सांगितले आहे की जुलमी जकातदाराच्या पेटीतून सेदाकासुद्धा घेऊ नये, कारण त्या पेटीत दुसऱ्याचे लुबाडलेले नाणे असू शकते. आणि तल्मूदात याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ज्याने पुष्कळ लोकांना लुबाडले आहे त्याला पश्चात्ताप झाला तर त्याने काय करावे? ज्यांना तो ओळखतो त्यांचे त्यांना परत द्यावे. ज्यांना ओळखत नाही त्यांच्यासाठी त्याने सार्वजनिक विहिरी आणि पाण्याची टाकी बांधावीत. का? तर सार्वजनिक विहिरीवर सगळेच येतात, आणि ज्याला आपण लुबाडले तोही कधीतरी तेथे पाणी पिईल.

वाचकहो, आमच्या मते सगळा प्रश्न या विहिरीपाशी येऊन थांबतो. ससून यांनी विहिरी बांधल्या. चांगल्या, खोल, दीडशे वर्षे न आटलेल्या विहिरी बांधल्या. पण त्या मुंबईत आणि पुण्यात. नुकसान झाले ते कँटन, शांघाय आणि चीनच्या खेड्यापाड्यांतील घरांत. जो बाप अफूच्या नादाने शेत विकून बसला, त्याची मुले काळा घोड्याच्या लायब्ररीत वाचायला कधी आली नाहीत. त्याच्या बायकोला ससून रुग्णालयात औषध मिळाले नाही. पाणी गोड आहे, पण तहानलेला माणूस समुद्रापलीकडे राहिला. चीनकडे जाणारी भारताची अफू १९०७ च्या करारानंतर हळूहळू कमी होत १९१३ मध्ये थांबली. तोपर्यंत डेव्हिड ससून यांना जाऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती.

यावर कोणी म्हणेल, मग पुतळा पाडून टाकावा. २०२० साली ७ जूनला इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जमावाने एडवर्ड कोलस्टन याचा पुतळा पाडला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. हा कोलस्टन शाळा आणि धर्मादाय संस्था काढणारा मोठा दाता म्हणून त्या शहरात पूजला जाई. त्याचा पैसा आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून विकणाऱ्या कंपनीतून आला होता. पुतळा १८९५ साली उभारला होता, म्हणजे तो मेल्यावर पावणेदोनशे वर्षांनी. नंतर तो पाण्यातून काढून, अंगावरच्या रंगासकट, तेथील वस्तुसंग्रहालयात आडवा ठेवला. आम्ही जमावाच्या बाजूचे नाही. पण एक फरक लक्षात घ्यावा. ब्रिस्टलमध्ये गुलामांचे वंशज राहतात. ते रोज त्या पुतळ्याखालून जात होते, आणि ‘आमचा हिशोब यात कुठे आहे?’ असे विचारण्याचा त्यांना अधिकार होता. मुंबईत तो प्रश्न विचारणारा कोणी रस्त्यावर येत नाही. म्हणून तर तो आपण विचारला पाहिजे.

पुतळ्याने माणसाचे नाव टिकते असे मानणाऱ्यांसाठी काळा घोड्याचीच गोष्ट पुरेशी आहे. डेव्हिड ससून यांचे थोरले चिरंजीव सर अल्बर्ट यांनी प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावर बसलेला पुतळा मुंबई शहराला भेट दिला. १८७९ साली तो लायब्ररीजवळच्या चौकात बसवला. १९६५ साली तो तेथून हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. चौकाचे नाव मात्र काळा घोडा असेच राहिले. २०१७ साली तेथे नवा घोडा उभा राहिला, पण त्याच्यावर स्वार नाही. लोकांनी राजपुत्राला विसरून टाकले, देणाऱ्यालाही विसरून टाकले, आणि लक्षात ठेवला तो फक्त घोडा!

उलट आपले समाजी हसाजी दिवेकर पाहा. पलटणीतला माणूस, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आला, आणि १७९६ साली त्याने मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचा पुतळा कुठे नाही. पण सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्याच्यावरून आले असे सांगतात, आणि त्या सिनेगॉगमध्ये दोन शतके प्रार्थना झाली. माणसाची मूर्ती करून तिच्यापुढे वाकण्याची आपल्याला मुळीच सवय नाही. इथे जेरुसलेममध्ये मोंटेफिओरे यांची पवनचक्की आहे, बॅरन रॉथशिल्डच्या नावाने रस्ते आहेत. जुन्या बेथ हामिक्दाशमध्ये तर एक गुप्त दालन होते. देणारा तेथे गुपचूप ठेवून जाई आणि घरंदाज गरीब गुपचूप घेऊन जाई. कोणी दिले, कोणी घेतले, कोणालाच कळत नसे. रांबामनेही दानाच्या पायऱ्या सांगताना अशा दानाला फार वरची पायरी दिली आहे.

मग पुतळ्यापुढे उभे राहून करायचे काय? आमचे उत्तर असे आहे. पुतळा ही घेणाऱ्यांनी दिलेली पावती असते. आणि पावती फक्त आपल्याला जे मिळाले त्याचीच देता येते, दुसऱ्याच्या येण्याची नाही. म्हणून आपण मनात तीन वेगळी पाने करावीत.

पहिल्या पानावर लिहावे, ‘मिळाले.’ रुग्णालय मिळाले, पुस्तके मिळाली, त्याबद्दल आभार. यात काटछाट करू नये. अफूचे कळल्यावर ‘आम्ही काही घेतलेच नाही’ असे म्हणणे हा कृतघ्नपणाही आहे आणि खोटेपणाही.

दुसऱ्या पानावर भिंत. ती आपल्यावर घातली गेली, म्हणून क्षमा करण्याचा अधिकार आपला. आज इथे बगदाद्यांची नातवंडे आणि आपली नातवंडे एकाच मिनियानमध्ये उभी राहतात, एकमेकांच्या घरी सोयरिकी होतात. भिंत तिच्या जागीच खचली आहे. ते पान आपण सही करून मिटवावे. राग धरून बसण्यात आता अर्थ नाही.

तिसऱ्या पानावर अफू. तेथे मात्र आपली सही चालत नाही. योम किप्पूरच्या बाबतीत आपल्याला शिकवले आहे की माणसाने माणसाचे केलेले वाईट, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय मिटत नाही. त्या दुखावलेल्या माणसाच्या वतीने क्षमा करायला आपण कोण? ससून आपले यहुदी बंधू होते म्हणूनही नाही, आणि त्यांनी आपल्याला लायब्ररी दिली म्हणूनही नाही. ते पान उघडेच ठेवावे आणि मुलांना उघडे दाखवावे. लायब्ररीतल्या पुतळ्याशेजारी, त्यांनी काय दिले याबरोबरच ते कशातून दिले हेही दोन ओळींत लिहिले, तर आमच्या मते त्यांचा अपमान होणार नाही. वाचनालय हे वाचण्यासाठीच असते.

नातवाला आम्ही शेवटी एवढेच सांगितले, “हा आपला आहे. म्हणूनच त्याचे सगळे आपल्याला माहीत पाहिजे.” त्याला ते कितपत पटले, हे तो मोठा झाल्यावर सांगेल.

आता आपल्या दाराची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्याच लोकांच्या एका सिनेगॉगच्या कमिटीत आम्ही बसलो होतो. एका धनिक गृहस्थाने हॉलच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम देऊ केली होती. दारावर नावाची पाटी लावावी एवढीच अट. हॉलचे छत गळत होते, तिजोरीत पैसा नव्हता. पण याच गृहस्थाच्या साफसफाईच्या कंत्राटात काम केलेल्या बायकांची मजुरी महिनोन् महिने थकलेली होती, आणि त्यांतल्या तीन बायका आपल्याच सिनेगॉगच्या होत्या. कमिटीत बरीच वादावादी झाली. कोणी म्हणाले, पैशाला काय नाव असते? कोणी म्हणाले, असल्या पैशाला हात लावू नये. शेवटी एक वयस्कर बाई, ज्या स्वतः तीस वर्षे कारखान्यात राबल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, “आधी त्या पोरींचे पैसे देऊ दे. मग उरले ते आम्ही आनंदाने घेऊ, आणि पाटी हवी तेवढी मोठी लावू.”

त्या बाईंनी तल्मूद वाचले नव्हते. पण विहीर कुठे खणायची हे त्यांना बरोबर कळले होते. निरोप गेला. गृहस्थ रागावले, दोन महिने आले नाहीत. मग बायकांची मजुरी चुकती झाली आणि हॉलसाठी पूर्वीपेक्षा लहान रक्कम आली. छताची अर्धीच दुरुस्ती झाली. उरलेल्या अर्ध्याखाली त्या पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागल्या. पाटी मात्र लागली, आणि आमच्या मते ती योग्यच लागली.

देणाऱ्याच्या हयातीत हा प्रश्न विचारता येतो, हाच काय तो फरक. डेव्हिड ससून यांना त्यांच्या हयातीत हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याचा तर्क आम्ही करत नाही. ते धर्मशील गृहस्थ होते, शब्बाथ पाळणारे होते, मिळकतीचा भाग नेमाने बाजूला काढणारे होते. विहिरीचा नियमही त्यांच्या कानावर गेलेला असणार. पण ज्या शहरात त्यांनी दिले ते शहर घेत राहिले आणि आभार मानत राहिले. हा घेणाऱ्यांचाही दोष आहे, आणि घेणारे म्हणजे आपले पूर्वज आणि आपण. आपल्या संस्थांना पैसा लागतो आणि पुढेही लागणार. कोणी देऊ केला तर हात जोडून घ्यावा, पण घेण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा की या पैशावर आणखी कोणाचा हक्क तर नाही ना. असल्यास त्याला आधी द्यायला लावावे. पाटी आणि पुतळा नंतर.